शेजारच्या सीटचा ब्रेक

सिस्टरच्या ड्रायव्हिंग टेस्टच्या दिवशी गाडी आपणच चालवत न्यायची, असं मास्तरांनी दात घासता घासता ठरवलं. कारण उदात्त होतं. परीक्षेआधी परीक्षार्थीने दमू नये. (मास्तरांच्या प्रत्येक निर्णयामागे एक उदात्त कारण असतं. निर्णय आधी होतो, कारण चूळ भरेपर्यंत सापडतं.)

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. स्कूल म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर रस्त्यावरच्या चिन्हांचा तक्ता आणि एक गाडी. गाडीच्या पुढे-मागे लाल 'एल'ची पाटी आणि दोन्ही दारांवर स्कूलचं नाव. सिस्टर म्हणजे त्यांची बायको, आरोग्य केंद्रातली नर्स. सगळी गल्ली या दोघांना मास्तर आणि सिस्टर म्हणते, त्यामुळे ते नवरा-बायको आहेत हे नव्या भाडेकरूला कळायला दोन-तीन महिने लागतात.

आता त्या गाडीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यामुळे झाला. म्हणजे मास्तरांच्या मते तिच्यामुळे. शिकवायच्या गाडीत पायाखालच्या पट्ट्यांचे दोन संच असतात. शिकणाऱ्याच्या पायाशी क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, आणि शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याच्या पायाशी आणखी एक क्लच, आणखी एक ब्रेक. मास्तर बावीस वर्षं त्या शेजारच्या सीटवर बसून होते. खरं सांगायचं तर बावीस वर्षांत त्यांनी गाडी चालवली फार कमी, थांबवली जास्त. पण रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाडीत बसलेल्या माणसाला आपण पट्टीचे ड्रायव्हर आहोत असं वाटायला लागतं, आणि त्याला तसं नाही म्हणून सांगणारं कुणी भेटत नाही. सिस्टरने एकदा सांगितलं होतं. ते मास्तरांनी मनावर घेतलं नाही.

मास्तरांच्या हिशेबी जगात माणसं दोनच प्रकारची. एक, मास्तरांकडे शिकलेली. दुसरी, मोटारसायकलवाले.

सिस्टरसाठी मात्र आजचा दिवस साधा नव्हता. आरोग्य केंद्राने घरोघरी जाऊन पेशंट तपासायची नवी सेवा काढली होती. तिच्यासाठी गाडी चालवणारी नर्स हवी होती, आणि लायसन्सचा कागद आज संध्याकाळी पाचच्या आत ऑफिसात पोचवायचा होता. अकरा वर्षं रात्रपाळी केलेल्या बाईला दिवसाचं काम मिळणार होतं. दिवसा काम आणि रात्री झोप, एवढीच तिची महत्त्वाकांक्षा. याआधी तीन वेळा टेस्टची तारीख मिळाली होती आणि तिन्ही वेळा मास्तरांनी ती परस्पर रद्द केली होती. पहिल्यांदा "रिव्हर्स कच्चा आहे" म्हणून, दुसऱ्यांदा "नजर पक्की नाही" म्हणून, आणि तिसऱ्यांदा कारण सापडायच्या आधीच. या वेळी तारीख सिस्टरने स्वतः घेतली आणि आदल्या संध्याकाळी सांगितली.

"अहो, चालवू दे ना मला," ती गाडीपाशी म्हणाली. सकाळ गार होती, तिने नर्सच्या पांढऱ्या कपड्यांवर करडा कोट घातला होता. टेस्ट झाली की तसंच कागद घेऊन केंद्रावर जायचं होतं. "तेवढाच हात बसेल."

"हात बसेल, पण मन थकेल. तू शेजारी बस. शांतपणे श्वास घे."

"तो मी घेतेच आहे."

मास्तर ड्रायव्हरच्या सीटवर बसले. सीट मागे सरकवायचा दांडा कुठे आहे, हे त्यांना सिस्टरला विचारावं लागलं. मग त्यांनी वळायचा दिवा लावला, तर काचेवरचे वायपर सुरू झाले.

"ऊन आहे बाहेर," सिस्टर म्हणाली.

"काच पुसून घेतो जरा," मास्तर म्हणाले.

मोठ्या रस्त्याला लागल्या लागल्या त्यांना आठवलं की सकाळचा मेसेज राहिलाय. आजी-माजी विद्यार्थ्यांचा एक ग्रुप होता, एकशे चाळीस जणांचा, आणि त्यावर रोज सकाळी मास्तरांच्या आवाजात 'आजचा धडा' जायचा. (तो किती जण ऐकायचे, हा प्रश्न मास्तरांनी स्वतःला कधी विचारला नाही. फार सुखी माणूस.) त्यांनी एका हातात स्टिअरिंग धरलं, दुसऱ्या हाताने मोबाइल तोंडाशी नेला आणि अंगठ्याने बटण दाबून धरलं.

"नमस्कार मित्रांनो. आजचा धडा. गाडी चालवताना मोबाइलला हात लावू नये. एक क्षण नजर हटली, तर..."

"अहो, फोन ठेवा."

"अगं, फोनबद्दलच बोलतोय ना! ...तर मित्रांनो, एक क्षण नजर हटली, की आयुष्यभराचा पश्चात्ताप. संयम हाच..."

सिग्नल लाल झाला होता. मास्तरांनी गाडी थांबवली, ती पुढच्या बसच्या नंबरप्लेटवरचे खिळे मोजता येतील इतक्या जवळ. तेवढ्यात बाजूच्या चिंचोळ्या फटीतून एक मोटारसायकल घुसली आणि तिच्या हँडलने मास्तरांच्या बाजूचा आरसा टक् करून मिटला.

मोटारसायकलवर चाळिशीचा माणूस होता. गळ्यात टाय, पाठीवर ऑफिसची बॅग, आणि हेल्मेटच्या आत कानाशी खुपसलेला मोबाइल. तो आता मास्तरांच्या खिडकीला अगदी लागून उभा होता. मास्तरांनी काच खाली केली. संयमाबद्दलचं वाक्य अर्धवट राहिलं.

"ए! डोळे घरी ठेवून आलास का?"

मोटारसायकलवाला समोर बघत खेकसला, "येत नाही तर हात लावतोस कशाला?"

 उलट उत्तराची मास्तरांना सवय नव्हती. विद्यार्थी देत नसत, आणि सिस्टरचं ते ऐकत नसत.

"कुणाला येत नाही? मला? अरे, गाढवा..." यानंतर मास्तर जे बोलले ते छापण्यासारखं नाही. चांगलं अर्धं मिनिट बोलले. सिग्नल हिरवा झाला, मोटारसायकल सुटली, मास्तरांनी गिअर टाकायला मोबाइल मांडीवर फेकला, आणि अंगठा सुटल्याबरोबर तो धडा, पहिल्या नमस्कारापासून शेवटच्या शिवीपर्यंत, एकशे चाळीस जणांना पोचला. मास्तरांना याची कल्पना नव्हती.

"जाऊ द्या," सिस्टर म्हणाली. "आरसा मिटलाय नुसता, फुटला नाही. मी उघडते पुढे थांबल्यावर."

"प्रश्न आरशाचा नाही," मास्तर म्हणाले. माणूस असं म्हणायला लागला की समजावं, आता कशाचाच प्रश्न उरला नाही.

दुसऱ्या सिग्नलला त्यांनी दोन गाड्यांच्या मधून नाक खुपसून आपली गाडी मोटारसायकलशेजारी आणली. (एल-पाटीची गाडी अशी घुसलेली पाहून बाकीचे ड्रायव्हर आपणहून बाजूला झाले. मास्तरांना वाटलं, दरारा.)

"काय रे, काय म्हणालास मघाशी?"

"किती वर्षं झाली हे काम करतोस?" मोटारसायकलवाला ओरडला.

"बावीस!"

"आणि अजून ही अक्कल? कुणी शिकवलं रे तुला?"

आता मास्तरांना तुम्ही आळशी म्हणा, कंजूष म्हणा, ते हसून सोडून देतील. पण ज्याने बावीस वर्षं लोकांना शिकवलं त्याला 'कुणी शिकवलं' विचारायचं म्हणजे काय? त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला शिकवलं? अरे, मी शिकवतो! अर्धं गाव मी शिकवलंय!"

"बघ, खाली बघ जरा! सगळं ओलं केलंस!"

मास्तरांनी नकळत खाली बघितलं.

"आधी मेन कॉक बंद कर!" मोटारसायकलवाला हेल्मेटमध्ये गरजला. "आणि मी येईपर्यंत कशालाही हात लावू नकोस!"

"अहो," सिस्टर म्हणाली, "तो तुमच्याशी बोलतच नाहीये. फोनवर आहे तो. त्याच्या घरी नळ फुटलाय, प्लंबरला झापतोय."

"तू मध्ये पडू नकोस. तो 'येईपर्यंत' म्हणाला. म्हणजे येणार आहे. येऊ दे ना! मीच जातो!"

सिग्नल सुटला. टेस्टचं मैदान शाळेच्या कोपऱ्यावरून वळून होतं. मोटारसायकल सरळ गेली. मास्तरही सरळ गेले.

"अहो, मैदान तिकडे राहिलं."

"दोन मिनिटं."

"टेस्ट साडेदहाला आहे."

"त्याला फक्त एक प्रश्न विचारतो आणि वळतो."

"कुठला प्रश्न?"

ते मास्तरांनी ठरवलं नव्हतं. (पन्नाशीच्या माणसाने भर रस्त्यात एका अनोळखी पाठीमागे सुसाट सुटावं, आणि गाठल्यावर काय बोलायचं हे माहीत नसावं. पण या बाबतीत मास्तर एकटे नाहीत. रोज सकाळी प्रत्येक चौकात अशी पाच-पंचवीस शहाणी माणसं भेटतात. घरून निघताना ती बरी असतात.)

मास्तरांनी बसला ओव्हरटेक करायला गाडी बाहेर काढली, आणि गाडी गचकन थांबली. समोरून एक टेम्पो सूं करून गेला.

"काय झालं हिला?" मास्तरांनी पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

"काय माहीत," सिस्टर खिडकीबाहेर बघत म्हणाली.

पुढच्या वळणावर पुन्हा तेच. मास्तर आत घुसायला गेले आणि गाडी जागच्या जागी रुतली. एक शाळकरी पोरांची रिक्षा पुढून निघून गेली.

"ब्रेक चिकटतोय. आज गॅरेजला टाकायला हवी."

शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक आहे आणि त्या सीटवर आज दुसरं कुणीतरी बसलंय, हे मास्तरांच्या डोक्यात आलं नाही. तो ब्रेक त्यांच्या लेखी त्यांच्या स्वतःच्या पायाचा एक भाग होता. पाय आपल्याजवळ आहे म्हटल्यावर ब्रेकही जवळच असणार, असं ते धरून चालले होते.

तेवढ्यात मांडीवरचा मोबाइल टुणटुण वाजायला लागला. एकदा नव्हे, एकामागून एक. धडा लोकांनी ऐकला होता. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांनी ऐकला होता. मास्तरांनी मोबाइल उचलून डोळ्यांसमोर धरला. बऱ्याच जणांनी अंगठे पाठवले होते. एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं, 'सर, हे परीक्षेला विचारतात का?'

मास्तर ते वाचतच होते, तेव्हा गाडी चारही चाकं करकचत थांबली. त्यांचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. मोबाइल उडून काचेपाशी गेला.

बॉनेटसमोर एक आजोबा उभे होते. झेब्रा क्रॉसिंगच्या बरोबर मध्ये. त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली होती आणि बटाटे घरंगळत गाडीखाली चालले होते. त्यांच्या गुडघ्यात आणि गाडीत वीतभर अंतर होतं. आजोबांनी बॉनेटवर एक हात टेकला, श्वास घेतला आणि काचेतून मास्तरांकडे बघितलं.

"थांबलास बाबा, फार बरं केलंस," ते म्हणाले.

मास्तरांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता. अजूनही होता. त्यांनी खाली वाकून तो पाहिला, मग शेजारी पाहिलं. सिस्टर सीटला पाठ लावून, दोन्ही हातांनी दार धरून, सगळ्या अंगाचा भार एका पायावर टाकून बसली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मघाचे दोन्हीही तूच..."

"हो."

मास्तर घाबरले. खरे घाबरले. इतकी वर्षं शिकाऊ पोरांच्या चुकांना ते घाबरले होते, पण तेव्हा पायाखाली ब्रेक होता. आज तो दुसऱ्या कुणाच्या पायाखाली नसता, तर आजोबांचं काय झालं असतं हे त्यांना पुढे कल्पनेतही आणवेना.

सिस्टरने उतरून आजोबांना फुटपाथवर बसवलं, नाडी बघितली, बटाटे गोळा करून दिले. ती परत येऊन शेजारच्या सीटवर बसली तोवर चौक तुंबला होता. गाडी इंजीन बंद पडून रस्त्यात तिरकी उभी होती आणि मागे हॉर्नचा गदारोळ चालला होता. गर्दीतून एक दांडगा ट्रॅफिक पोलीस आला. त्याने एका हाताने मोटारसायकलवाल्याचा दंड धरला होता. हेल्मेटमधल्या मोबाइलसाठी त्याला पुढेच पकडलं होतं.

"हाच तो!" मास्तरांच्या तोंडून गेलं.

मोटारसायकलवाल्याने वाकून गाडीत बघितलं. "कोण हे काका? मी ओळखत नाही यांना."

"ओळखत नाही? दोन सिग्नल भांडतोय आपण!"

"आपण?" तो खरोखरच बुचकळ्यात पडला होता. "कधी? मी तर सकाळपासून प्लंबरशी बोलतोय. घरात गुडघाभर पाणी झालंय हो."

"माझा आरसा तू मिटवलास!"

"कुठला आरसा?"

त्याच्या नजरेत राग नव्हता, लाज नव्हती, ओळखीचं काहीच नव्हतं. ज्याच्याशी लढण्यासाठी मास्तरांनी बायकोची टेस्ट, टेम्पो, रिक्षा आणि एक म्हातारा माणूस पणाला लावला होता, त्याला लढाई झाल्याचं माहीतच नव्हतं.

पोलिसाने गाडीकडे बघितलं. पुढे 'एल'ची पाटी. स्टिअरिंगवर कपाळाला टेंगूळ आलेला, घामाघूम झालेला माणूस. शेजारच्या सीटवर कोट घातलेली बाई, पाय अजून ब्रेकवर. यातून जो निष्कर्ष कुणीही काढला असता, तोच त्यानेही काढला.

"शिकाऊ?" त्याने मास्तरांना विचारलं. "कितवा दिवस?"

मास्तरांनी तोंड उघडलं. 'मी कोण आहे माहीत आहे का' हे वाक्य दातांपर्यंत आलं. मग त्यांना दिसलं, की मोबाइल काचेपाशी अजून टुणटुणतोय. फोनवर बोलताना पकडला गेलेला शिकवणारा म्हणजे शिकवायचा परवाना गेला, गाडी पोलीस चौकीत गेली, आणि सिस्टरची टेस्ट तर गेलीच. त्यांनी शेजारी बघितलं.  सिस्टरने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वादहा.

"पहिला," मास्तर म्हणाले.

"वाटलंच." पोलीस सिस्टरकडे वळला. "मॅडम, राग मानू नका, पण पहिल्याच दिवशी अशा माणसाला भर रस्त्यात आणतात का?"

"चुकलंच माझं," सिस्टर म्हणाली. "हातात द्यायलाच नको होती."

"तुमच्या पायात ब्रेक होता म्हणून आजोबा वाचले, मी बघितलंय. कमाल आहे तुमची. हे काम सोपं नाही."

"सवय झालीये," सिस्टर म्हणाली.

"काका, नाराज होऊ नका," मोटारसायकलवाल्याने खिडकीतून मास्तरांच्या खांद्यावर थोपटलं. "सुरुवातीला सगळ्यांचंच होतं असं. मॅडम सांगतात तेवढं नीट ऐकायचं. येतं हळूहळू." असं म्हणून त्याने वाजणारा मोबाइल पोलिसादेखत पुन्हा कानाला लावला, आणि पोलिसाने त्याला कॉलर धरून बाजूला नेलं. त्याची दया यावी असा तोही नव्हता. मास्तरांच्या गाडीखाली येता येता जो म्हातारा वाचला, तो दहा सेकंद आधी या माणसाच्या चाकाखाली येता येता वाचला होता, आणि यालाही ते कळलं नव्हतं.

"कागद नंतर बघतो. आधी चौक मोकळा करा," पोलीस मागे वळून ओरडला. "मॅडम, तुम्ही चालवा. आणि हे काका शेजारी बसतील, तोंड बंद ठेवून. बघून शिका म्हणावं."

जागा बदलल्या. सिस्टरने बाहेरून जाता जाता आरसा उघडला, सीट पुढे घेतली आणि गाडी चौकातून काढली.

त्यानंतरची दहा मिनिटं मास्तर गप्प होते. लग्नानंतर इतका वेळ ते जागेपणी गप्प बसल्याची नोंद नाही. "गिअर बदल", "तिकडे बघ", "मेलो", या तीन वाक्यांशिवाय सिस्टरने कधी गाडी चालवलीच नव्हती. आज ती वाक्यं नव्हती, आणि गाडी विनातक्रार चालली होती. एक मोटारसायकल आडवी घुसली. सिस्टरने वेग जरासा कमी केला, तिला जाऊ दिलं आणि पुन्हा वाढवला. शिवी नाही, हॉर्न नाही. मास्तरांना हे बघून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. इतकी बरी चालवते, हे त्यांना पहिल्या तारखेच्या आधीपासून माहीत होतं, हेच त्यांना आता टोचत होतं. रिव्हर्स कच्चा नव्हता. नजर पक्की होती. ही गाडी चालवायला लागली तर घरात आपला रुबाब तो काय उरणार, एवढीच भीती होती, आणि त्या भीतीपायी बायकोला रात्रपाळीत कुजवत ठेवलं होतं. मास्तरांना स्वतःची लाज वाटली. (फार वेळ नाही. पण वाटली.)

साडेदहाला एक मिनिट कमी असताना ते मैदानावर पोचले. टेस्ट घेणाऱ्या इन्स्पेक्टरबाई मास्तरांना चांगल्या ओळखत होत्या. त्या हातात पुठ्ठा आणि पेन घेऊन मागच्या सीटवर बसल्या.

"मास्तर, पाय वर," त्या म्हणाल्या.

"अं?"

"पाय सीटवर घ्या. मांडी घाला. गेल्या वर्षी तुमच्या पायामुळे माझ्याकडे तिघं नापास झालेत. शिकवणाऱ्याने ब्रेक दाबला की उमेदवार नापास, नियम आहे. तुमचा पाय काही ऐकत नाही."

त्या तिघांना 'तुमच्याने होणार नाही' म्हणून मास्तरांनी महिनाभर ऐकवलं होतं. त्यांनी बूट काढले आणि आपल्याच गाडीच्या पुढच्या सीटवर मांडी घातली. मैदानाच्या कडेला उभे असलेले बाकीच्या स्कूलचे मास्तर हातातला चहा विसरून बघत राहिले.

आठचा आकडा झाला. रिव्हर्स झाला. राहिला चढ. चढाच्या मध्यावर गाडी पूर्ण थांबवायची आणि मागे न जाऊ देता पुन्हा काढायची. सिस्टरने थांबवली. पुन्हा काढायला घेतली, आणि गाडी किंचित मागे सरकली.

मास्तरांच्या मांडीतून एक पाय सुटला. बावीस वर्षांची सवय होती. पाय ब्रेकच्या दिशेने निघाला. अर्ध्या वाटेत मास्तरांनी त्याला दोन्ही हातांनी अंगठ्याला धरून पकडला. गाडी आणखी बोटभर मागे गेली. पाय ओढ घेत होता, मास्तर ओढून धरत होते, कपाळावरच्या टेंगळावरून घाम ओघळत होता. सिस्टरचं लक्षही नव्हतं. तिने क्लच जरासा सोडला, इंजिनाचा आवाज बदलला, आणि गाडी सावकाश चढून वर गेली.

"पास," इन्स्पेक्टरबाई पुठ्ठ्यावर लिहीत म्हणाल्या. "कागद तासाभरात खिडकीवर मिळेल. मास्तर, अंगठा सोडा आता."

कागद मिळाला. सिस्टरने तो दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला, पुन्हा काढून तिसऱ्यांदा वाचला आणि डोळे पुसले. "चला," ती म्हणाली. "मला केंद्रावर हा द्यायचाय. तुम्हाला वाटेत घरी सोडते."

पण मास्तरांना काही चालता येईना. मांडीने पाय झोपले होते ते तासाभरानंतरही झोपलेच, आणि ज्याला ओढून धरलं त्या पायात गोळा आला होता. बाकीच्या स्कूलच्या दोन मास्तरांनी त्यांना काखेत धरून मागच्या सीटवर आडवं टाकलं. सिस्टरने ऊन झालं म्हणून कोट काढला, घडी करून त्यांच्या उशाला दिला, पुढच्या-मागच्या 'एल'च्या पाट्या काढून डिकीत ठेवल्या आणि पांढऱ्या कपड्यांत स्टिअरिंगवर बसली.

पहिल्याच सिग्नलला पाच-सहा मोटारसायकली गाडीभोवती येऊन थांबल्या. मागच्या सीटवर मास्तर कण्हत होते. एक मोटारसायकलवाला खिडकीतून डोकावला. आधी त्याने टेंगूळ पाहिलं, मग वर केलेला पाय, मग सिस्टरचे कपडे.

"सिस्टर, पेशंट आहे का?"

"हो."

"काय झालंय?"

"गाडी चालवायची सवय होती," सिस्टर म्हणाली. "आजपासून सोडवतेय."

त्याने ते नीट ऐकलंच नव्हतं. "पेशंट आहे! पेशंट! बाजूला व्हा!" असं ओरडत त्याने पुढच्यांना हटवायला सुरुवात केली. सगळे भराभर सरकले, कुणी फुटपाथला टेकलं, कुणी हात करून मागच्यांना थोपवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मोटारसायकलवाल्यांनी मास्तरांच्या गाडीला वाट करून दिली, आणि त्यासाठी मास्तरांना फक्त मागे आडवं पडून गप्प राहावं लागलं.